डंखहीन मधमाश्यांच्या भावी अधिवासाचे नकाशे : कसे करावेत आणि किती मानावेत?

मोहोळ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

टेट्रागोन्युला गटातील एका लहानशा डंखहीन मधमाशीसाठी मी गेले वर्षभर अधिवासयोग्यतेचे मॉडेल तयार करत आहे. आजचे हवामान तिला कुठे मानवते आणि तापमान वाढत गेल्यावर शतकाच्या उत्तरार्धात ते कुठे मानवेल, एवढाच प्रश्न घेऊन मी सुरुवात केली होती. पहिला पूर्ण नकाशा हाती आला तेव्हा एकूण योग्य क्षेत्र जवळपास आजइतकेच राहील, फक्त ते थोडे डोंगरांकडे आणि थोडे विषुववृत्तापासून दूर सरकेल, असे दिसले. टिपणात मी "या प्रजातीला मोठा धोका दिसत नाही" असे लिहूनही ठेवले. पुढच्या दोन महिन्यांत ते वाक्य मला खोडावे लागले. ते का खोडले हे सविस्तर मांडावे आणि अशाच कामात असलेल्यांचे अनुभव ऐकावेत, यासाठी हा धागा काढत आहे.

ज्यांचा या माश्यांशी परिचय नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. आग्या, सातेरी आणि फुलोरी या एपिस वंशातल्या माश्या. डंखहीन माश्या मेलिपोनिनी या वेगळ्या गटात येतात. त्यांची नांगी खुरटलेली असल्यामुळे त्यांना डंख मारता येत नाही. कोणी घराला हात लावलाच तर त्या चावतात, केसांत शिरतात आणि चिकट राळ फासतात. जगभरात त्यांच्या पाचशेहून अधिक प्रजाती आहेत आणि सगळ्या उष्ण व उपोष्ण कटिबंधांत राहतात. सर्वाधिक विविधता मध्य व दक्षिण अमेरिकेत आहे, त्याखालोखाल आशिया व ऑस्ट्रेलियाच्या पट्ट्यात, आणि आफ्रिकेत सर्वांत कमी. झाडाची ढोली, भिंतीतली फट, खडकाची कपार, काही प्रजातींच्या बाबतीत वाळवीचे वारूळ, अशा आयत्या पोकळीत त्या घर करतात आणि मेणात राळ कालवून केलेल्या छोट्या बुडकुल्यांत मध साठवतात.

मॉडेलची कल्पना सरळ आहे. माशी जिथे आढळली त्या जागांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, तिथले तापमान, पाऊस आणि त्यांचे ऋतूंप्रमाणे होणारे चढउतार हवामानाच्या थरांमधून, म्हणजे बारीक चौकटींत विभागलेल्या नकाशांमधून, वाचायचे, आणि भोवतालच्या प्रदेशातून सरसकट उचललेल्या हजारो बिंदूंशी त्यांची तुलना करून माशीचा कल कोणत्या परिस्थितीकडे आहे ते शोधायचे. २००६ साली प्रसिद्ध झालेली मॅक्सेंट ही पद्धत यासाठी आजही सर्रास वापरली जाते. हवामानाचे थर बहुतेक जण वर्ल्डक्लिम या जागतिक हवामानाच्या संचातून घेतात. त्यात बायो १ ते बायो १९ अशी एकोणीस चले असतात आणि सर्वांत बारीक चौकट विषुववृत्ताजवळ साधारण एक किलोमीटरची असते. भविष्यासाठी हीच चले निरनिराळ्या जागतिक हवामान मॉडेलांनी, एसएसपी १-२.६ (कमी उत्सर्जन) पासून एसएसपी ५-८.५ (खूप जास्त उत्सर्जन) पर्यंतच्या उत्सर्जनमार्गांनुसार, म्हणजे पुढे हरितगृह वायू किती सोडले जातील याच्या पर्यायांनुसार, काढून ठेवलेली मिळतात. आज शिकलेले नाते उद्याच्या थरांना लावले की रंगीत नकाशा तयार होतो.

त्या नकाशावरील गडद हिरवी चौकट एवढेच सांगते की इथले हवामान, माशी जिथे आज आढळते तिथल्या हवामानासारखे असेल. ज्या नोंदींवरून आपण हे शिकलो त्या खरोखर एकाच माशीच्या होत्या का, याबद्दल ती काहीच सांगत नाही, आणि माझी पहिली चूक नेमकी इथेच झाली होती. टेट्रागोन्युला इरिडिपेनिस हे नाव १८५४ साली श्रीलंकेतील नमुन्यांवरून दिले गेले. त्यानंतर दीर्घकाळ भारतीय उपखंडात दिसणारी जवळजवळ प्रत्येक छोटी काळसर डंखहीन माशी याच नावाखाली नोंदली जात राहिली. पुढे वर्गीकरणाचे काम झाले तेव्हा त्यातून अनेक प्रजाती वेगळ्या निघाल्या, परंतु जुन्या नोंदी आणि हौशी निरीक्षकांची असंख्य छायाचित्रे त्याच नावाखाली राहिली. या माश्या छायाचित्रावरून वेगळ्या ओळखणे अतिशय अवघड आहे. अनेकदा नराच्या जननांगांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निर्णय करता येत नाही.

अशा मिसळलेल्या नोंदी दिल्या की मॉडेल एक अशी माशी कल्पिते जिला दमट किनाराही चालतो आणि कोरडे पठारही, प्रत्यक्षात मात्र तशी एकही माशी नसते. हवामान कोणत्याही दिशेला सरकले तरी या काल्पनिक माशीला कुठेतरी जागा सापडतेच, म्हणून नकाशा निर्धास्त दिसतो. तज्ज्ञांनी तपासलेल्या नमुन्यांच्या नोंदी तेवढ्या ठेवून मी मॉडेल पुन्हा चालवले. नोंदी फारच थोड्या उरल्या, पण भावी योग्य क्षेत्र ठळकपणे आकसले आणि ते वाक्य मी त्याच दिवशी खोडले.

अक्षवृत्त

मोहोळ यांस,

आपण नावांबद्दल लिहिले, मी जागांबद्दल लिहितो. जीबीआयएफसारख्या खुल्या संग्रहातून नोंदी उतरवल्यावर पहिले दोन दिवस फक्त त्या बघण्यात घालवावेत असे माझे मत आहे. मी प्रत्येक बिंदू उपग्रहाच्या छायाचित्रावर उघडतो. एकदा एक नोंद थेट जलाशयाच्या मधोमध निघाली, तर दुसरी संग्रहालयाच्या छपरावर. दुसऱ्या नमुन्याच्या चिठ्ठीवर गाव लिहिलेलेच नव्हते, म्हणून कोणीतरी संग्रहालयाचाच पत्ता भरून टाकला होता. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल, दोन्ही ठिकाणी शून्य, देशाचा मध्यबिंदू, हे प्रकार तर नेहमीचेच आहेत.

दशांशस्थळांकडेही लक्ष हवे. अक्षांश एकाच दशांशापर्यंत दिला असेल तर ती जागा उत्तर-दक्षिण सुमारे अकरा किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेही असू शकते. सपाट प्रदेशात हे कदाचित चालून जाईल. डोंगराळ भागात मात्र अकरा किलोमीटरांत उंची सहज आठशे मीटरने बदलते, आणि दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश हा हिशोब धरला तर आपण माशीच्या पदरी पाच अंशांची चूक घालतो. एवढ्या चुकीत या शतकातली अपेक्षित तापमानवाढ बुडून जाते.

नोंदी रस्त्यांच्या आणि शहरांच्या कडेने साचतात, हा दोष सर्वांना माहीत आहे. जवळजवळच्या नोंदी विरळ करणे हा एक उपाय झाला. या माश्यांच्या बाबतीत मला त्याहून उपयोगी वाटलेला उपाय असा, की पार्श्वभूमीचे बिंदू सगळ्या प्रदेशातून सरसकट न घेता त्याच प्रदेशातील इतर सर्व मधमाश्यांच्या नोंदींमधून घ्यावेत. ज्या निरीक्षकाने तिथे जाऊन फुलोरी टिपली, त्याला डंखहीन माशी दिसली असती तर त्याने तीही टिपली असती, असे त्यामागचे तत्त्व आहे. निरीक्षक कुठे जातात हा कल दोन्हीकडे सारखाच राहतो आणि बराचसा वजा होतो.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये असे मला मनापासून वाटते. वर्ल्डक्लिमच्या १.४ आवृत्तीत तापमान दहाने गुणून पूर्णांकात ठेवलेले असते, म्हणजे २५.३ अंशांच्या जागी २५३ असते. २.१ आवृत्तीत ते सरळ अंशांत असते. माझ्या संगणकात वर्तमानाचे थर जुन्या आवृत्तीचे होते आणि भविष्याचे मी नव्या आवृत्तीतून घेतले. मॉडेलने २५३ शिकले होते, भविष्यात त्याला २७ दिसले, आणि त्याने ते शिकलेल्या कक्षेच्या अगदी खालच्या टोकाला नेऊन बसवले. सगळा प्रदेश पांढरा झाला. नकाशात कुठेही खोट दिसत नव्हती आणि ही प्रजाती नष्ट होणार असे मी दोन दिवस खरोखर मानून चाललो होतो. पुढे परिस्थितीच्या साम्याचा नकाशा काढला, म्हणजे भविष्यातील चलांचे मूल्य शिकवणीच्या कक्षेबाहेर कुठे जाते हे दाखवणारा, तेव्हा एकूण एक चौकट कक्षेबाहेर असल्याचे दिसले आणि घोळ उघड झाला. तेव्हापासून हा साम्याचा नकाशा मी आधी काढतो आणि योग्यतेचा नंतर.

बायो ८, ९, १८ आणि १९ ही चले मी सहसा वगळतो. तापमान आणि पाऊस यांची सांगड घालून ती काढलेली असल्यामुळे नकाशावर त्यांच्यात अचानक तुटल्यासारख्या सरळ रेषा उमटतात, ज्यांना जमिनीवर काही आधार नसतो.

पुंकेसर

मी या क्षेत्रातली नाही, वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मोहोळ यांच्या नकाशात नवे योग्य क्षेत्र जुन्या क्षेत्राला लागूनच होते असे समजते. माशी उडणारा जीव आहे. पन्नास वर्षांत ती शेजारच्या डोंगरावर किंवा दोन जिल्हे पलीकडे का पोचणार नाही? वनस्पतींच्या बाबतीत बीज किती दूर पडते हा प्रश्न असतो. इथेही तसेच काही आहे का?

मोहोळ (धागाकर्ता)

पुंकेसर, तुमचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. बीजाची तुलनाही योग्य आहे, फक्त हे बीज असे की ते झाडाला जोडलेले असतानाच रुजावे लागते.

सातेरीची वसाहत फुटते तेव्हा जुनी राणी हजारो कामकरी माश्यांना घेऊन बाहेर पडते. एकदा निघाल्यावर मूळ घराशी त्यांचा संबंध उरत नाही, त्यामुळे तो थवा बराच लांबचा पल्ला गाठू शकतो. डंखहीन माश्यांत याच्या उलट घडते. जुन्या राणीचे पोट अंड्यांनी इतके फुगलेले असते की तिला उडता येत नाही; ती जुन्याच घरी राहते आणि नवी, अजून मीलन न झालेली राणी नव्या घरी जाते. त्याआधी कामकरी माश्या जवळपासची एखादी पोकळी निवडतात, तिच्या फटी राळेने बुजवतात, तोंडाशी नळी उभारतात, आणि जुन्या घरातून मेण, मध आणि परागकण वाहून नेतात. माहेराहून शिधा पोचत राहावा तशी ही ने-आण काही दिवस, काही आठवडे, कधी काही महिनेही चालू राहते. याचाच अर्थ नवे घर कामकरी माशीच्या रोजच्या उड्डाणाच्या टप्प्यातच असावे लागते. ऑस्ट्रेलियातील टेट्रागोन्युला कार्बोनेरिया या माशीला घरापासून दूर नेऊन सोडले असता ती जास्तीत जास्त सुमारे सातशे मीटरवरून परत आल्याचे मोजले गेले आहे. मेलिपोना या डंखहीन वंशातील मोठ्या माश्या याहून लांब जातात, तरीही त्यांची मजल दोन-तीन किलोमीटरांच्या आसपासच राहते.

आता हिशोब मांडू. नवी वसाहत जुन्या वसाहतीपासून पाचशे मीटरवर बसते असे धरू. प्रत्येक नवी वसाहत पुढच्याच वर्षी पुन्हा फुटते आणि दर वेळी नेमक्या हव्या त्याच दिशेला जाते, असे अत्यंत उदार गृहीतकही धरू. तरी पन्नास वर्षांत पंचवीस किलोमीटर होतात. नवी वसाहत सशक्त होऊन फुटायला तीन वर्षे लागतात असे धरले तर अंतर सुमारे सव्वाआठ किलोमीटरांपर्यंत खाली येते, आणि दिशेचा भरवसा काढून घेतला तर त्याहूनही कमी. दुसऱ्या बाजूला हवामानाचा वेग पाहा. आजचेच तापमान मिळत राहावे म्हणून जमिनीवर दरवर्षी किती सरकावे लागेल, याचा २००९ साली प्रसिद्ध झालेला जागतिक सरासरी अंदाज वर्षाला ०.४२ किलोमीटर आहे. पन्नास वर्षांत ते एकवीस किलोमीटर होतात.

मात्र ही सरासरी फसवी आहे. चढ असलेल्या प्रदेशात थोडे वर गेले तरी तापमान उतरते, म्हणून तिथे हा वेग वर्षाला ०.०८ किलोमीटर इतका कमी पडतो, आणि सपाट, पाणथळ गवताळ प्रदेशात तो १.२६ किलोमीटरांपर्यंत जातो. डोंगरउतारावर राहणारी वसाहत पन्नास वर्षांत चार किलोमीटर सरकली तर हवामानाला धरून राहील, आणि वरच्या हिशोबाप्रमाणे ते तिला जमण्यासारखे आहे. अट एवढीच की उतारावर सलग झाडी असावी आणि वर जायला डोंगर शिल्लक असावा. ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यातील डोंगराळ भागापुरती मर्यादित असलेली मेलिपोना कापिक्साबा ही प्रजाती आधीच उंचावर आहे. दोन अंशांची वाढ भरून काढायला तिला सुमारे तीनशे मीटर वर चढावे लागेल, आणि डोंगर संपला की नकाशातली हिरवी जागाही संपते. सपाट पठारावरील प्रजातींची अडचण वेगळी आहे. तिथे जागा पुष्कळ, पण ती माशीच्या वेगापेक्षा वेगाने पळते.

नर मात्र बरेच दूर उडतात, त्यामुळे वसाहतींमधील आनुवंशिक देवाणघेवाण मोठ्या अंतरावर होऊ शकते. परंतु नर घर वसवत नाही. नकाशावरील नवी चौकट भरायची असेल तर तिथे वसाहतच पोचली पाहिजे.

ढोली

मी मॉडेल करत नाही, मी घरटी शोधते. पंचवीसएक वर्षे झाडांच्या बुंध्यांकडे पाहत हिंडल्यावर मला या नकाशांत दोन गोष्टी सातत्याने गहाळ दिसतात. त्यांतली पहिली म्हणजे झाड.

माझ्या नेहमीच्या पाहणीतले एक घरटे छातीच्या उंचीवर आहे. बुंध्यावरच्या जुन्या जखमेतून बोटाच्या पेराएवढी, करड्या-तपकिरी मेणराळेची नळी बाहेर आलेली आहे. तिच्या कडेला ताज्या राळेचे ओलसर थेंब असतात आणि त्यांत एखाददुसरी मुंगी अडकून मेलेली असते. तोंडाशी पाच-सहा पहारेकरी माश्या डोकी बाहेर काढून बसलेल्या असतात आणि पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या घेऊन आलेली माशी त्यांच्या मधून आत शिरते. ही नळी दहा पावलांवरून दिसत नाही. ती ज्या झाडात आहे ते झाड म्हातारे आहे, कारण एवढी मोठी पोकळी तरुण झाडात तयारच होत नाही. वीस वर्षांपूर्वी लावलेल्या झाडांच्या रांगा उपग्रहावरून घनदाट जंगलासारख्या दिसतात, पण माझ्या माशीच्या दृष्टीने तिथे एकही घर रिकामे नसते, कारण घर तयारच झालेले नसते.

ब्राझीलच्या काटिंगा या कोरड्या झुडपी जंगलात राहणाऱ्या मेलिपोना सबनितिडा या माशीची घरटी मुख्यतः दोनच प्रकारच्या झाडांच्या ढोल्यांत आढळतात, आणि त्यांपैकी एक गुग्गुळाच्या वंशातले आहे. ती माशी उष्णतेला आणि दुष्काळाला चांगली सरावलेली आहे. फुले असतात तेव्हा पहाटेच कामाला लागून ती साठा करून ठेवते. हवामानापुरते पाहिले तर तिच्यासाठी मोठा प्रदेश योग्य ठरेल. पण ती दोन झाडे जळणासाठी आणि लाकडासाठी तुटत गेली, तर योग्य हवामानाचे ती काय करणार? म्हणून माझा आग्रह आहे की आधी घराच्या झाडांचे मॉडेल करावे आणि ते माशीच्या मॉडेलमध्ये एक थर म्हणून घालावे.

राळेचेही तसेच आहे. राळ नसेल तर नळी नाही, बुडकुली नाहीत, मुंग्यांपासून संरक्षण नाही. आग्नेय आशियात ही राळ मोठ्या प्रमाणात साल वृक्षाच्या कुळातील झाडांकडून मिळते. ऑस्ट्रेलियातील कोरिंबिया टोरेलियाना या झाडाच्या फळांत राळ असते आणि ती गोळा करताना माशीच्या पायांना बिया चिकटून दूरवर पसरतात, म्हणजे तिथे झाड आणि माशी एकमेकांची वाटचाल ठरवतात. असे नाते बायो १२ मध्ये, म्हणजे वार्षिक पावसाच्या आकड्यात, कसे दिसावे?

दुसरी गहाळ गोष्ट म्हणजे घरातले तापमान. वर्ल्डक्लिमचे आकडे हवामान केंद्रांवर मोकळ्या जागी मोजलेल्या तापमानावर आधारलेले असतात. मी एका ढोलीत आणि तिच्या बाहेर सावलीत एकेक तापमापक बसवला होता. बाहेरचा पारा दुपारी भराभर चढून संध्याकाळी उतरला. आतला संध्याकाळपर्यंत संथपणे चढत राहिला आणि त्याने बाहेरचे शिखर कधीच गाठले नाही. जाड बुंधा ही माशीची खरी छत्री आहे. तीच माशी पातळ फळ्यांच्या पेटीत किंवा पत्र्याजवळच्या भिंतीत असेल तर तिला पूर्णपणे वेगळा उन्हाळा भोगावा लागतो. डंखहीन माश्या पंखांनी वारा घालतात, पिल्लांच्या कोठड्यांभोवती मेणाचे पापुद्रे रचतात, परंतु पाणी शिंपडून घर थंड राखण्याचे सातेरीचे कसब त्यांच्यात तितके विकसित नाही. मोठ्या झाडांची छाया गेली तर नकाशातील तापमान तेवढेच राहूनही घर तापते.

रानवाट

ढोली ताईंचे निरीक्षण वाचून फार समाधान वाटले. तरीही मला या चर्चेत थोडा वेगळा सूर लावायचा आहे. इतके दोष मोजल्यावर वाचणाऱ्याला वाटेल की हे नकाशे करूच नयेत. मी संवर्धनाच्या नियोजनात काम करतो, आणि कुठली जागा आधी राखायची हे मला नकाशा असो वा नसो ठरवावेच लागते. नकाशा नसेल तर तो निर्णय रस्त्याच्या सोयीने होतो.

माझी सूचना अशी की नकाशाच्या सर्व भागांना सारखे वजन देऊ नये. मोहोळ यांनी मांडलेला हिशोब मान्य केला तर नव्याने योग्य होणारे क्षेत्र जवळजवळ बाजूला ठेवावे लागते. पण जे क्षेत्र आज योग्य आहे, माशी आज तिथे आहे, आणि सर्व हवामान मॉडेलांनुसार व सर्व उत्सर्जनमार्गांनुसार पुढेही योग्य राहते, तिथे पोचण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या जिवाला हलता येत नाही त्याच्यासाठी हे आश्रयस्थान सर्वांत मोलाचे. मी अशा चौकटी आधी अलग करतो आणि मग त्यांत जुनी झाडे कुठे उरली आहेत ते प्रत्यक्ष जाऊन पाहतो.

एयूसीबद्दलही सांगायला हवे, म्हणजे मॉडेल माशीच्या जागा इतर बिंदूंपासून किती चांगल्या वेगळ्या ओळखते हे सांगणाऱ्या, जास्तीत जास्त १ असणाऱ्या आकड्याबद्दल. ०.९५ आल्याचे अभिमानाने लिहिलेले अनेकदा दिसते. अभ्यासक्षेत्रात वाळवंट आणि बर्फाची शिखरे घेतली की हा आकडा आपोआप फुगतो, कारण माशी बर्फात राहत नाही हे ओळखायला काहीच लागत नाही. तपासणीच्या नोंदी यादृच्छिक न निवडता नकाशाचे मोठे तुकडे पाडून एक तुकडा संपूर्णपणे बाजूला ठेवावा आणि उरलेल्यांवर शिकलेले मॉडेल त्या तुकड्यात टिकते का ते पाहावे. भविष्यात मॉडेलला अनोळखी परिस्थितीतच उतरायचे आहे, तेव्हा परीक्षाही अनोळखी जागेचीच हवी.

अक्षवृत्त

रानवाट यांची आश्रयस्थानांची कल्पना मला पटते. एक सावधगिरी मात्र सुचवतो, कारण नष्ट होणारे क्षेत्रही आपण डोळे मिटून मानू नये. समजा माशी आज ज्या सर्वांत उष्ण जागी राहते तिच्या पलीकडे समुद्र आहे. तिथे ती उष्णतेमुळे थांबलेली नाही, जमीन संपली म्हणून थांबली आहे. मॉडेलला हे कळत नाही. ते त्या तापमानालाच तिची मर्यादा समजते आणि त्याच्या वर सगळीकडे लाल रंग भरते. तापमानाच्या प्रतिसादाचा आलेख शिखरावर असतानाच कडेला तुटलेला दिसला तर तिथली घट संशयास्पद मानावी.

अशा ठिकाणी शरीरक्रियेची माहिती कामाला येते. टेट्रागोन्युला कार्बोनेरिया साधारण १८ अंशांच्या खाली उड्डाण करत नाही, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत दिसले होते. वार्षिक सरासरीऐवजी वर्षात १८ अंशांवर दिवसाचे किती तास मिळतात हा थर तासागणिक तापमानावरून करता येतो, आणि थंड सीमेकडे तो बायो १ पेक्षा अधिक अर्थपूर्ण ठरतो. उष्ण टोकाला अडचण अशी की बायो ५ ही सर्वांत उष्ण महिन्याच्या दैनिक कमाल तापमानाची दीर्घकालीन सरासरी आहे. ती ३८ अंश असलेल्या ठिकाणी एखाद्या वर्षी सलग तीन दिवस ४४ अंशांचे येऊ शकतात, आणि वसाहत मरते ती त्या तीन दिवसांत.

मोहोळ, प्रसाराची मर्यादा आपण मॉडेलमध्ये कशी घालणार आहात? मिगक्लिमसारखे साधन यासाठीच आहे, पण एक किलोमीटरच्या चौकटीत पाचशे मीटरची झेप अर्धीच चौकट होते. वर्षागणिक पावले टाकली तर माशी एक तर कधीच चौकट ओलांडत नाही किंवा दरवर्षी पूर्ण किलोमीटर उडी मारते.

मधुकोष

मी पेट्यांत डंखहीन माश्या पाळतो, त्यामुळे वरच्या चर्चेत एक बाजू माझ्याकडून यायला हवी. मोहोळ यांचा प्रसाराचा हिशोब रानातल्या माशीपुरता खरा आहे. पाळलेली माशी गाडीतून एका रात्रीत दोनशे किलोमीटर जाते.

ऑस्ट्रेलियाचेच उदाहरण घ्या. टेट्रागोन्युला हॉकिंग्सी ही मूळची अधिक उत्तरेकडील, उष्ण भागातली माशी. कार्बोनेरियाचा पट्टा दक्षिणेकडे बराच खाली उतरतो. ब्रिस्बेन परिसरात गेल्या काही दशकांत हॉकिंग्सी वाढलेली दिसते. दोघी बाहेरून जवळजवळ सारख्याच. पेटी उघडल्यावर कार्बोनेरियाच्या पिल्लांच्या कोठड्या एका सपाट चक्राकार जिन्यासारख्या रचलेल्या दिसतात आणि हॉकिंग्सीच्या विस्कळीत पुंजक्यांत. त्यांच्यात वसाहतींची युद्धे होतात, जमिनीवर मेलेल्या माश्यांचा खच पडतो, आणि जिंकलेली वसाहत हरलेल्यांच्या घरात आपली राणी बसवते, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे नुसत्या बिंदूंवरून हॉकिंग्सी दक्षिणेला सरकली असे दिसले, तरी त्यात ऊब किती आणि पेट्यांची वाहतूक किती हे वेगळे काढावे लागते. त्याशिवाय योग्य हवामान असलेले घर शेजारणीने बळकावलेले असू शकते.

आमच्या पेट्यांच्या नोंदी नैसर्गिक अस्तित्व म्हणून मॉडेलमध्ये घालू नका, अशी माझी विनंती आहे. आम्ही उन्हाळ्यात पेटीवर ओले गोणपाट टाकतो, हिवाळ्यात ती जाड आच्छादनात गुंडाळतो आणि दुष्काळात साखरपाणी देतो. ती माशी त्या हवामानात आमच्या हातांनी जगते. आणि आश्रयस्थाने राखायची म्हणून लांबून वसाहती आणून तिथे सोडण्याचा विचार कोणाच्या मनात येत असेल, तर त्या जागी आधीपासून कोण राहते हे पेटी उघडण्याइतक्या जवळून पाहिल्याशिवाय तसे करू नये.

मोहोळ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या चर्चेनंतर मी मॉडेलची पुढची फेरी अशी बांधत आहे.

अक्षवृत्त यांच्या चौकटीच्या प्रश्नावर मला सुचलेला मार्ग असा आहे. वर्ल्डक्लिमचे भावी थर मुळात वीस-वीस वर्षांच्या खंडांत मिळतात: २०२१ ते २०४०, २०४१ ते २०६०, आणि पुढे २१०० पर्यंत. मग पाऊलही वीस वर्षांचेच टाकावे. तीन वर्षांतून एकदा पाचशे मीटर, या गतीने वीस वर्षांत सुमारे ३.३ किलोमीटर होतात, म्हणजे तीन चौकटी. प्रत्येक खंडात, आधीच्या खंडात भरलेल्या चौकटींपासून तीन चौकटींच्या आत असलेली आणि त्या खंडात योग्य असलेली जागाच भरू द्यायची. मधला एखादा खंड अयोग्य निघाला तर साखळी तिथेच तुटते, नंतर ती जागा कितीही हिरवी झाली तरी. काल एका लहान भागासाठी हे करून पाहिले. पहिल्या नकाशात डोंगराच्या पलीकडच्या उताराला दिसणारा मोठा हिरवा पट्टा पूर्णपणे गेला, कारण मधल्या दरीत २०४१ ते २०६० या खंडात एकही योग्य चौकट उरत नव्हती. अलीकडच्या उताराची अरुंद किनार मात्र सर्व खंडांत टिकली, आणि रानवाट म्हणतात ती आश्रयस्थाने तीच असावीत.

मधुकोष यांच्या सूचनेप्रमाणे पाळीव वसाहतींच्या नोंदी वेगळ्या काढत आहे. खुल्या संग्रहातील नोंदींमध्ये हा फरक नेहमी लिहिलेला नसतो, त्यामुळे छायाचित्रात लाकडी पेटीची कड किंवा खिळा दिसतो का हे एकेक छायाचित्र मोठे करून पाहावे लागत आहे.

ढोली ताई, घराच्या झाडांचा थर करण्यासाठी तुमच्या पाहणीची मदत हवी आहे. प्रत्येक घरट्यासोबत झाडाची प्रजाती, छातीच्या उंचीवरील बुंध्याचा घेर, नळीची जमिनीपासूनची उंची आणि तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, एवढे चार रकाने मिळाले तरी पुढच्या फेरीत ते वापरता येतील. ढोलीतल्या तापमापकाच्या तासागणिक नोंदी तुमच्याकडे जपलेल्या असतील तर त्यावरून बाहेरचे तापमान आणि घरातले तापमान यांचे नाते बसवून पाहू, आणि अक्षवृत्त यांनी सांगितलेला तासांचा थर मोकळ्या हवेऐवजी ढोलीसाठी काढू.

ढोली

नोंदवही आहे, घेर आणि उंची लिहिलेली आहे. नळीची दिशा मी जुन्या नोंदींत लिहिलेली नाही. ती झाडे अजून उभी आहेत तिथे पुन्हा जाऊन होकायंत्राने पाहून येते. तापमापकाच्या नोंदी दर अर्ध्या तासाच्या आहेत, त्या या आठवड्यात पाठवते.